उणे पंचावन्न

कीबोर्डवरच्या उणे चिन्हाचा पांढरा रंग पार झिजला होता, राहिली होती नुसती काळी गुळगुळीत कळ, आणि राजकुमारचं बोट तिच्यावर टेकून थांबलं होतं. पडद्यावरच्या चौकटीत उणे पासष्ट. इंटरनेटच्या टॉवरला प्रत्येक घराचा आवाज, म्हणजे सिग्नल, किती जोरात ऐकू यावा, ते ठरवणारा आकडा. पंचावन्न केलं की पुसदमधली जवळची घरं मोठ्यानं बोलू लागणार, टॉवरचे कान त्याच आवाजाला जुळून बसणार. मग चौदा किलोमीटरवरून, सगळा जोर लावूनही क्षीणच पोचणारा तांडा त्याला गोंगाटात ऐकूच येणार नाही...

त्याचाच तांडा. अकरा घरं. दोन वर्षांपूर्वी समाजमंदिराच्या गच्चीवर चढून त्यानं स्वतः तबकडी बसवली होती, आणि खाली उतरून सगळ्यांसमोर म्हणाला होता — मीच म्हणालो होतो — आता टॉवरला पुसदचा अन् आपला आवाज सारखाच.

"झालं का?" कंपनीचा मालक अमर दारातून म्हणाला. "बाबाचं अन् प्रेरणाचं बोलणं पुन्हा अटकून राह्यलं. पुण्याहून पोरगी फोन करते, अन् आजोबाले तिचं थिजलेलं तोंड दिसते."

"तांडा तुटेल, भाऊ. तिकडं वेगळं यंत्र लावू, मग करू."

"अकरा घरांसाठी? कायले?" अमर रागावला नव्हता, खरंच विचारत होता. "तिकडून एक तरी तक्रार आली का कधी?"

आली नव्हती. येणार कशी — तांड्याच्या तक्रारी रविवारी घरी, जेवता जेवता राजकुमारच ऐकून घ्यायचा, आणि तिथंच मिटवायचा.

आज दुपारी तीनला राखीचे कॉल तपासणार होते. राखी, धाकटी बहीण. दिग्रसचं सासर सोडून आली, वर्षभर कोणाशी धड बोलली नाही, आणि मग याच जोडणीवर तिनं नागपूरच्या एका दवाखान्याचं काम मिळवलं — तांड्यातल्या खोलीत बसून पेशंटांना डॉक्टरांच्या वेळा द्यायच्या. आज वरिष्ठ बाई ऐकणार, मग कायम करायचं की नाही ते ठरणार. सकाळीच तिनं सांगितलं होतं. 'चारपर्यंत थांबा' एवढंच अमरला म्हणायचं होतं. पण बहिणीसाठी मागतोय असं दिसलं असतं, आणि मागणारा म्हणजे पुन्हा तांड्यातला राजकुमार. आठ वर्षं खपून या खुर्चीत बसलेला नव्हे...

तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. त्यानं पंचावन्न टाकलं.

यादीतली पुसदची नावं हिरवी होत गेली. तांड्याची ओळ पिवळी झाली, दोनदा थरथरली, मग लाल. आतल्या खोलीतून अमर फोनवर म्हणत होता, "हो बाबा, आता नीट दिसते का प्रेरणा?" — आणि आवाजात खरा आनंद होता, हेच राजकुमारला सोसवेना.

सव्वातीनला राखीचा मोबाईल. ती मोबाईलला रेंज मिळते त्या बांधावर धावत गेली असणार. धाप ऐकू येत होती.

"भिया, एका म्हाताऱ्या पेशंटशी बोलून राह्यली होती, मधातच गेलं. बाई ऐकत होती. तू काही बदललं का?"

"नाही," तो म्हणाला. "वरूनच गेलंय."

"मले वाटलंच. बरं झालं तू आहेस तिथं. नाहीतर कोणाले विचारलं असतं?"

फोन बंद झाला. चौकट अजून उघडी होती. पुन्हा पासष्ट करायला दोन आकडे, एक कळ. बोट हललं नाही. त्याला लाज वाटायला हवी होती, तो तिची वाटही पाहत होता — पण आला तो राग, आणि तो राखीचाच. काहून विश्वास ठेवला तिनं इतक्या लवकर? भांडायचं, शिवी द्यायची, खोटं बोलतोस म्हणायचं... दिग्रसलाही ती अशीच सगळ्यांचं खरं मानत राहिली असेल. म्हणूनच सोडून यावं लागलं. हा विचार मनात आला तसं छातीतलं ओझं चक्क हलकं झालं. आणि तो त्या हलकेपणाला धरून बसून राहिला, कोणी आत येऊन तो काढून घेऊ नये म्हणून दाराकडे पाहत.