दुकानात माझाच पापड

आमच्या गल्लीत उन्हाळ्यात पापड एकटीनं कोणी लाटत नाही. आज हिचा नंबर, उद्या तिचा. जिचा नंबर तिनं पीठ भिजवून, कुटून ठेवायचं. बाकीच्यांनी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जायचं. मजुरी नाही. चहा मिळतो, तेलात बुडवलेली कच्ची लाटी खायला मिळते, झालं. पैशाचं नाव काढलं तर बाया उठून जातील.

म्हणूनच मोहिनीच्या नंबराला तिचं पीठ बघून मला खटकलं. पंधरा किलो उडदाचं. घरात माणसं तीन: ती, तिचा नवरा हितेंद्र आणि शाळेत जाणारी मोनाली. हितेंद्रच्या पाइप कंपनीत काम कमी झालंय, निम्मा आठवडा तो घरीच असतो, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक.

"एवढे पापड कोण खाणार गं?" मी विचारलं.

"माहेरी द्यायचेत, अक्का," ती मान वर न करता म्हणाली.

तिचं माहेर सोनगीरचं. तिच्या आईच्या हातचे पापड मी स्वतः खाल्लेत. त्या बाईला लेकीच्या पापडांची गरज पडेल, हे मला काही पटेना.

आता मला भोचक म्हणा. म्हणतातच सगळे. पण त्या दिवसांत माझ्या भोचकपणाला कारण होतं. आमचे हे डाळ मिलमध्ये. तूर महाग झाली की मिल बंद, स्वस्त झाली की मालक थांबतो, म्हणून पुन्हा बंद. आमची दीपमाला धुळ्याला नर्सिंग शिकते. तिच्या हॉस्टेलच्या मेसचे पैसे थकले होते. महिनाअखेरपर्यंत भरले नाहीत तर ताट बंद. हे म्हणाले, "पोरीला घरी आणू, पुढच्या वर्षी बघू." पुढच्या वर्षी कोण बघतंय? एकदा घरी बसलेली पोर परत हॉस्टेलला जात नाही, तिचं लग्न ठरतं. मी यांच्याशी बोलणंच सोडलं.

गल्लीत मात्र चकार शब्द काढला नाही. माझ्या नंबराला दोनच किलो पापड केले आणि सांगून टाकलं, यांना बीपी आहे, डॉक्टरांनी खारट बंद केलंय. मग घरी बसलेल्या माणसाची बायको एवढं उडीद आणते कुठून? तिला काहीतरी युक्ती सापडली असणार, आणि ती मला हवी होती.

मी पाळत ठेवली. पापड वाळल्यावर हितेंद्रनं गाडीला मोठी पिशवी अडकवली आणि सोनगीरच्या हायवेला न लागता सरळ बाजाराकडे वळला. दुसऱ्या दिवशी साखर आणायचं निमित्त काढून मीही बाजारात गेले आणि एकेक दुकान न्याहाळत फिरले. एका किराणा दुकानात काउंटरवर पापडांची पाकिटं रचलेली दिसली. एक उचलून उजेडात धरलं. माझं मनगट एकदा मोडलं होतं, तेव्हापासून माझ्या पापडाची एक कड जाड राहते. कितीही लाटा, राहतेच. पाकिटातला वरचाच पापड तसला होता.

"घेऊन बघा बाई, अगदी घरच्यासारखा आहे," दुकानदार म्हणाला.

टाळकंच सणकलं माझं. माझाच पापड मी पैसे देऊन विकत घेतला आणि तडक मोहिनीचं दार गाठलं.

"हेच का तुझं माहेर?" मी पाकीट तिच्यापुढे धरलं. "आम्ही बायांनी फुकट राबायचं आणि तू धंदा करायचा?"

मला वाटलं, आता ही रडेल. कसलं काय. तिनं मला बसवलं, पाणी दिलं.

"अक्का, नंबर माझा होता ना? मग ते पीठ माझं. खाल्लं काय, विकलं काय. तुमच्या नंबराला मी अख्खा दिवस मोकळा ठेवून आले होते. तुम्हीच दोन किलोत उठवलंत आम्हाला."

"मग खोटं कशाला बोललीस?"

"विकायचेत म्हटल्यावर तुम्ही आला असता?"

नसतेच आले. ते मला कबूल करायचं नव्हतं. तोंडात भांडायला पुष्कळ शब्द होते, पण बाहेर पडलं भलतंच.

"किलोमागे किती सुटतात?"

मोहिनी माझ्याकडे बघत राहिली. "का? भाऊंना खारट चालत नाही ना?"

मग मी सगळं सांगितलं. मेस, मिल, यांचं पुढचं वर्ष. सांगताना लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. तिनंही सांगितलं. उडीद दुकानदारच देतो. पापड पोचवले की उडदाचे पैसे कापून उरलेले हातात ठेवतो. मेसपुरते सुटतील, ती म्हणाली, पण माझा नंबर पुन्हा लावावा लागेल.

"आणि बायांना आधी सांगा, अक्का. मी सांगितलं नाही, म्हणून तुम्ही आज पाकीट घेऊन माझ्या दारात आलात."

माझ्या दुसऱ्या नंबराला सगळ्या आल्या. पिठाचा भलामोठा गोळा बघून आधी बोलली ती वच्छलाबाई. गल्लीतली सगळ्यात तिखट जीभ तिची.

"ताईबाई, येवढा पापड कोन खाई?"

मी लाटणं खाली ठेवलं. "कोणी नाही खाणार. विकायचे आहेत. दीपमालाच्या मेसचे पैसे भरायचेत, नाहीतर तिला घरी आणावं लागेल. ज्यांना पटत नसेल त्यांनी उठा, मी राग धरणार नाही."

लाटणी थांबली. वच्छलाबाई उठली, चप्पल घातली आणि निघून गेली. मला वाटलं, आता एकेक बाई उठणार. दीपमालाला काय सांगायचं, तेच डोक्यात घोळायला लागलं. मोहिनी तेवढी खाली मान घालून लाटत होती.

थोड्या वेळानं वच्छलाबाई परत आली. हातात उडदाच्या पिठाचा डबा होता. तो तिनं भिंतीशी ठेवला आणि पदरानं तोंड पुसलं.

"हाई सकायनं शे, मन्हा नंबरनं. माले बी इकनं शे," ती म्हणाली. उद्या तिचा नंबर होता, आणि तिलाही पापड विकायचेच होते. तिला अवघडायला नको म्हणून सगळ्याच खाली बघत होत्या. मग ती माझ्या शेजारी बसली आणि तिनं ताटातली लाटी उचलली. "आज तुमनी पोरनं व्हवू द्या."