टाकीची किल्ली

टाकीला कुलूप हवं आणि ती कुणा एकाच्या नावावर नको, हा आग्रह कमिटीत मीच धरला होता. समुद्रापलीकडच्या सुवा शहरातल्या कॉलेजात शिकून आले होते, तेवढं डोकं चालवलं. आमच्या तारावा बेटावर नात्यातल्या माणसाने तोंडाने मागितलेली वस्तू नाकारत नाहीत. बुबुती म्हणतात त्याला. सायकल मागा, जाळं मागा, अंगातला शर्ट मागा, द्यावाच लागतो. पण जी वस्तू आपली नाहीच, ती कुणी मागणार कशी? टाकी गावाची आणि पाणी तान्ह्या मुलांचं. मनेआबाच्या, म्हणजे गावच्या सभाघराच्या, पत्र्यावरून उतरलेलं, गावात उरलेलं शेवटचं गोडं पाणी.

पाऊस केव्हाच आटला होता. मागच्या मोठ्या भरतीत समुद्र घराघरांतून फिरून गेला, तेव्हापासून विहिरी खारट. त्याच पाण्याने माझ्या तान्ह्या लेकीला, तिरियाताला, जुलाब लागले. दवाखान्यातली नर्स म्हणाली, "उकळून मीठ जात नाही, रूते. परत विहिरीचं पाजलंस तर हिला माझ्याकडे आणू नकोस, सरळ पाद्र्याकडे ने." ती हसली. मला हसू आलं नाही. तेव्हापासून किल्ली माझ्या गळ्यात होती. रोज सकाळी आया बाटल्या घेऊन यायच्या, मी मोजून भरून द्यायचे.

तेबाऊकाका आले तेव्हा सासूबाई चटई विणत होत्या. काका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. समुद्राच्या बाजूने गावातल्या घरांपुढे भिंत बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलेलं.

"चहा टाकू, काका?"

"नको. पाणी जाईल तुझं." ते बसले. "पोरी, या पौर्णिमेची भरती मागच्यापेक्षा मोठी आहे म्हणतात. खाऱ्या पाण्यात कालवलेले सिमेंटचे ठोकळे बघितलेस ना? बिस्किटासारखे विरघळले."

"काका, पाणी माझं नाही. कमिटीचं आहे. पोरांचं आहे."

"मी पाणी कुठे मागतोय?" त्यांनी माझ्या गळ्याकडे बोट केलं. "ती किल्ली मागतोय. ती तर तुझीच ना?"

सासूबाईंचे हात थांबले.

मी दुसरीकडून वाट शोधली. "रेती तुम्ही त्याच किनाऱ्यावरून काढता. भिंत वर चढेल आणि जमीन खालून जाईल."

"मग कुठून काढू? तू शिकलीस, तू सांग."

माझ्या शिक्षणाच्या फीसाठी विकायला म्हणून वडिलांनी याच भावाकडे बोटीचं इंजिन मागितलं होतं. कशाला, असंही न विचारता त्यांनी ते खोलून दिलं आणि पुढे वल्ही मारत मासेमारी केली. शिवाय भिंत झाली नाही तर समुद्र पुन्हा विहिरीत येणार, आणि मग टाकी तरी किती दिवस पुरणार होती? इकडून गेलं तरी पाणीच, तिकडून गेलं तरी पाणीच. मी दोरा डोक्यावरून काढला.

"जपून वापरा," एवढंच म्हणाले.

ठोकळ्यांना नुसतं कालवायला पाणी लागत नाही, पक्के होईपर्यंत पाजावंही लागतं. बाटल्या अर्ध्या झाल्या, मग पाव. शेजारची मारेवा रिकामी बाटली हलवत म्हणाली, "तुझ्या काकांच्या ठोकळ्यांना ढेकर आला की सांग हं. मग आमची पोरं पितील."

एके सकाळी टाकीवर बोटं वाजवली तर ती रिकाम्या भांड्यासारखी वाजली. नळातून गाळ आला. घरी तिरियाताचे ओठ सुकलेले, रडतानाही डोळ्यांत पाणी नाही. तिला कडेवर घेऊन मी तशीच भिंतीच्या कामावर गेले.

माणसं फावडी घेऊन उभी होती. सिमेंटची गोणी फोडलेली, शेजारी एक पिंप. मी वाकून पाहिलं. पाणी स्वच्छ होतं.

"काका, हे पिंप मला द्या."

"शेवटचा तुकडा राहिलाय, पोरी. उद्या पौर्णिमा, आजच्याआज झाला पाहिजे."

"मागतेय मी तुमच्याकडे."

फावडी जमिनीवर टेकली. काकांनी आधी तिरियाताकडे पाहिलं, मग भिंतीतल्या मोकळ्या जागेकडे. आपल्यांचं आधी केलं असं कुणी म्हणू नये म्हणून त्यांनी परक्यांच्या घरांपासून सुरुवात केली होती. राहिलेला तुकडा आमच्या घरासमोरचा होता.

"कळतंय ना तुला?" त्यांनी विचारलं.

"कळतंय."

त्यांनी स्वतः पिंप उचलून माझ्या दारात आणून ठेवलं. मी सगळ्या बाटल्या भरल्या. मारेवाची आधी भरली.

संध्याकाळी सासूबाई चटया आणि तांदूळ आढ्याला बांधत होत्या. "लेकाला बोटीवर निरोप देऊ का?" त्यांनी विचारलं. माझा नवरा परदेशी बोटीवर खलाशी होता. मी म्हटलं, "काय सांगणार?" मी विहिरीवर पत्रा टाकला, वर दगड ठेवले. दारातून बघितलं तर दोन्हीकडे भिंत आणि मधोमध, आमच्या उंबऱ्याच्या रेषेत, समुद्र. तिरियाता पिऊन झोपली होती. तिच्या वाटीच्या तळाशी राहिलेलं घोटभर पाणी मी परत बाटलीत ओतलं.