पुऱ्या थांबल्या ती सभा

"लोकशाहीची जननी म्हणून जग वेस्टमिन्स्टरकडे बोट दाखवतं. पण मी म्हणतो, लोकशाही खरी श्वास घेते ती इथं, वेम्बलीच्या आपल्या मराठी मंडळात!" अध्यक्ष जयंतराव म्हणाले आणि टाळ्यांसाठी थांबले. टाळ्यांच्या जागी आतल्या किचनमधून कुकरची शिट्टी झाली.

मंडळाची वार्षिक सभा नेहमी जेवणाआधी होते. पुरुष हॉलमध्ये बसून निर्णय घेतात, बायका किचनमध्ये पुऱ्या लाटतात. असं काही घटनेत लिहिलेलं नाही. घटनेत फक्त 'कुटुंबामागे एक मत' एवढंच आहे. पण मतदानाच्या वेळी नेमकं तेल तापलेलं असतं. त्यामुळे मंडळाचे सगळे ठराव एकमतानं मंजूर होतात.

आजचा ठराव हेच किचन काढून तिथं पॉडकास्ट स्टुडिओ बांधण्याचा होता. जेवण यापुढे बाहेरून मागवायचं.

"मिलिंद म्हणतो, किचनला फूटफॉल नाही," कणकेत हात घातलेली स्वाती रेखाताईंना म्हणाली. मिलिंद मंडळाचा सेक्रेटरी आणि तिचा नवरा. "गुरुवारी आठ-दहा लोक येतात फक्त. सॉरी काकू, हे त्याचे शब्द आहेत."

ते आठ-दहा लोक म्हणजे रेखाताईंचा संसार होता. त्यांनी उभी नोकरी हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंटना जेवण वाढण्यात घालवली. मुलगा टोरांटोला गेला, नवरा त्याहून लांब गेला. रिटायर झाल्यावर रेखाताईंनी मंडळाकडून किचनची किल्ली मागून घेतली आणि एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांना दर गुरुवारी वरणभात वाढू लागल्या. घरी एकटीसाठी कुकर लावायचा त्यांना कंटाळा यायचा. इथं तो येत नसे.

"तो मोठा स्टीलचा डबा कुठंय गं? श्रीखंड काढायचंय," रेखाताईंनी स्वातीला विचारलं.

"जयंतकाका घेऊन गेलेत. संक्रांतीला."

कोपऱ्यात स्टुलावर बसून हिनेवाई बटाटे सोलत होती. ती न्यूझीलंडची माओरी, रेखाताईंच्याच वॉर्डातली रिटायर्ड नर्स. मैत्रिणीनं जेवायला बोलावलं म्हणून आली होती आणि पाहुणी असूनही कामाला लागली होती. दोघींचं बोलणं इंग्रजीत चाले, उसासे आपापल्या भाषेत.

"तुझ्या किचनचं मतदान बाहेर," हिनेवाई म्हणाली, "मग तू आत काय करतेयस?"

"पुऱ्या गरम लागतात त्यांना."

हिनेवाईनं एक बटाटा शांतपणे सोलून संपवला. "आमच्याकडे पाहुणे अंगणाच्या दाराशी थांबतात. आतून बाईनं हाक घातल्याशिवाय कुणी पाऊल टाकत नाही. इथं लंडनमध्ये आमच्या लोकांत ती हाक मी घालते."

"आणि भाषणं?"

"बऱ्याच ठिकाणी पुरुषच करतात. काही कुळांत बायकाही करतात. पण भाषणामागे गाणं लागतं, आणि गाण्यात बायका पुढं. कुणी फारच वाहवत गेला की माझी मावशी त्याच्या संपण्याची वाट बघायची नाही. उभी राहायची आणि गाणं सुरू करायची."

"मग तो काय करायचा?"

"गाण्यावर कोण बोलणार?"

"फार बरं आहे तुमच्यात."

"बरं कसलं! जमिनीच्या ट्रस्टवर जागा मिळवायला त्याच मावशीला अर्धं आयुष्य भांडावं लागलं. तोवर मीटिंगचा चहा तिनंच केला."

बाहेर जयंतराव शिवकालीन संज्ञापनव्यवस्थेपर्यंत आले होते. तिथून पॉडकास्टला पोहोचायला अजून वेळ होता. बायको, अनुराधाबाई, गेल्यापासून त्यांची भाषणं वाढली होती. घरी ऐकणारं कुणी उरलं नव्हतं.

रेखाताईंनी कढईखालचा गॅस बंद केला. किचनमध्ये एकदम शांतता झाली. कणकेच्या हातांनीच त्या हॉलच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. मागोमाग स्वाती, तिच्यामागे बाकीच्या.

"काय झालं? जेवण तयार?" कुणीतरी आशेनं विचारलं.

रेखाताईंनी डोळे मिटले आणि गणपतीची आरती सुरू केली.

सवय ही मोठी चीज आहे. सगळा हॉल उभा राहिला. टाळ्या सुरू झाल्या. मिलिंदनं बूट काढले. जयंतरावांनी माइक खाली ठेवला आणि तेही टाळ्या वाजवू लागले; आरती चालू असताना भाषण करणारा मराठी माणूस अजून जन्माला यायचाय. हिनेवाईला शब्द येत नव्हते. तिनं खालच्या सुरात नुसता आधार दिला.

आरती संपली. जयंतरावांनी माइक उचलायच्या आत रेखाताई बोलल्या.

"मला भाषण येत नाही. स्टुडिओ करा, किचन सोडून कुठंही करा. मागच्या थंडीत आपटे गुरुवारी आले नाहीत, म्हणून मी त्यांच्या घरी गेले. बाथरूममध्ये पडले होते. जेवायला कोण आलं नाही ते वाढणाऱ्याला कळतं. पॉडकास्टला कोण आलं नाही, ते कुणाला कळणार?"

मागच्या रांगेतल्या आपट्यांनी आपण हयात असल्याचा पुरावा म्हणून काठी वर केली.

"आणि गुरुवारी मी आले नाही," रेखाताई म्हणाल्या, "तर तुम्हाला कळेल. बाकीच्या वारी कळायला कुणी नाही."

"ठरावाच्या बाजूनं..." जयंतरावांनी घसा साफ केला.

मिलिंदचा हात अर्ध्यावर गेला. त्यानं स्वातीकडे बघितलं. हात डोकं खाजवून खाली आला.

"विरुद्ध?"

कणकेनं माखलेले हात वर गेले. एका कुटुंबाचं एकच मत असल्यामुळे नवऱ्यांचा प्रश्न मिटला.

पुऱ्या त्या दिवशी गार झाल्या होत्या. कुणी तक्रार केली नाही. जयंतराव ताट घेऊन किचनच्या दाराशी आले, पण उंबऱ्याच्या आत येईनात. हिनेवाईनं रेखाताईंना कोपरानं ढोसलं.

"या, आत या," रेखाताईंनी हाक घातली.

जयंतराव आत आले. माइक नसला की त्यांचा आवाज फार लहान असे.

"रेखाताई, गुरुवारी एक माणूस वाढला तर... चालेल?"

रेखाताईंनी त्यांच्या ताटात आणखी एक पुरी टाकली.

"या की. येताना तेवढा संक्रांतीचा डबा आणा. झाकणासकट."