पुरे!

"बाबा, थांबा! काही पुसू नका!" फोन भरल्याचं बाबांनी कळवताच धावत आलेली लेक दारात चपला काढता काढताच ओरडली.

बाबा फोन नाकाशी धरून बसले होते. पडद्यावर 'जागा शिल्लक नाही' असं आलेलं. "तुझ्या आत्याचे सुविचार पुसले, फार बरं वाटलं," ते म्हणाले. "आता तुझ्या आईचा हा व्हिडिओ उरलाय. तोच जड आहे बघ."

आई जाऊन वर्ष होत आलं होतं आणि तिचा आवाज फक्त त्या एका व्हिडिओत होता. "मला पाठवा" म्हटलं की बाबा "उद्या" म्हणायचे. लेकीने फोन सरळ हिसकावून घेतला.

जागा खाणारा चोर घरचाच निघाला. बाबांना गोळ्यांची आठवण करून देणारं अ‍ॅप तिनेच बनवलं होतं. बिघाड झाला तर कळावा म्हणून ते आपली हालचाल एका फाइलीत लिहून ठेवायचं. एवढं ठीक होतं, पण थांबायचं कुठे हे बाईसाहेबांनी त्याला सांगितलंच नव्हतं. फाइल उघडली तर दर सेकंदाला एकच ओळ: 'पाहिलं. गोळीची वेळ नाही.' 'पाहिलं. गोळीची वेळ नाही.'

बाबांना हसता हसता ठसका लागला. "काही घडलंच नाही, तरी एवढी बडबड?"

"तुमच्यावर गेलंय!"

ते खोटं नव्हतं. बाबांनी जन्मभर केस कापले, आणि कात्रीबरोबर जीभही चालवली. गिऱ्हाइकाचे केस संपायचे, पण गोष्ट संपायची नाही.

"मग आई काय म्हणायची, आठवतं का?" लेकीने विचारलं.

"पुरे म्हणायची."

"आणि तुम्ही?"

"मी ती गोष्ट सोडून नवी सुरू करायचो," बाबा ऐटीत म्हणाले.

लेक टाळी वाजवून उठली. तिला हवं होतं ते नेमकं हेच! आधी तिने व्हिडिओ आपल्याकडे उतरवून घेतला. मग जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून अ‍ॅपला शिस्त लावली: फाइल ठरलेल्या मापाला पोचली की जुन्या ओळी पुसायच्या आणि नव्याने लिहायला घ्यायचं. प्रोग्रामच्या अशा तुकड्याला नाव द्यावं लागतं. तिने दिलं, 'पुरे'.

जुनी फाइल गेली आणि फोन निम्मा रिकामा झाला. बाबांनी खुशीत व्हिडिओ लावला. आई चादरीची घडी घालतेय, आणि फोन धरणारे बाबा अखंड बोलताहेत. शेवटी आई वळते, हसू दाबत म्हणते, "पुरे हो, किती बोलाल!" आणि तिचा तळहात पडदाभर होतो.

बाबांनी चष्मा पुसला. मग खुर्ची पुढे ओढली. "तर त्या दिवशी झालं काय..."

चहा गार झाला, गोष्ट चालूच होती. पुरे म्हणायला लेकीची जीभ रेटेना.