सोळा इंची नळी

सुभेदार श्रीरंग ढमाळांच्या रेंजवर कानांवर काही चढवायला बंदी होती. "पॉइंट टू-टूच्या रायफलीला कसले कान झाकता? तोफ आहे का ही?" असं ते मुलांना हिंदीत आणि घरी मराठीत सुनवत. साताऱ्याकडचा हा माणूस अठ्ठावीस वर्षं फौजेत राहिला, त्यातली निम्मी नेमबाजी शिकवण्यात गेली. निवृत्तीनंतर लखनौलाच घर केलं आणि जानकीपुरमच्या पुढे एका क्लबात मुलांना रायफल शिकवू लागला. चाप झटक्याने ओढला की हळुवार, हे आपण पाठमोरे उभे राहून नुसत्या आवाजावरून सांगतो, अशी त्यांची शेखी. ती कधी कुणी तपासून पाहिली नव्हती. पालक मात्र कौतुकाने माना डोलवत, आणि सुभेदारांना ते मनापासून आवडे.

आणि आता अपूर्वा अडकली होती. त्यांची एकुलती एक मुलगी, दहाव्या वर्षापासून त्यांच्याच हाताखाली नेमबाजी करणारी. हवाई दलाच्या अधिकारी भरतीत लेखी झाली, मुलाखत झाली, घरात पेढे आले, आणि मेडिकलमध्ये डाव्या कानाने दगा दिला. अपील करायला मुदत होती, म्हणून सुभेदार तिला घेऊन लखनौच्याच महानगर भागातल्या एका कानाच्या डॉक्टरांकडे गेले.

डॉक्टरांनी आलेख समोर ठेवला. उजव्या कानाची रेघ सरळ होती. डाव्याची वरच्या पट्टीच्या आवाजांपाशी येऊन धाडकन खाली पडली होती.

"आप राइफल चलाती हैं?" डॉक्टरांनी विचारलं. "दाएँ कंधे से चलाने वालों का बायाँ कान ही नाल की तरफ रहता है."

"नहीं सर," अपूर्वा म्हणाली. "ईयरफोन. बहुत तेज़ सुनती हूँ."

सुभेदार शेजारच्याच खुर्चीत होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले नाहीत.

"जो गया, वो वापस नहीं आता," डॉक्टर म्हणाले. "थोड़ा-बहुत थकान का होगा, वो आराम से सुधरेगा. शोर बंद, तीन हफ्ते. फिर देखते हैं."

घरी आल्यावर त्यांच्या बायकोने, मधुमतीने, पोरीचे इयरफोन हिसकावून कपाटात टाकले आणि तिला फैलावर घेतलं. "चोवीस तास ते मोबाईलचं खूळ! आता बस रडत!" अपूर्वा मान खाली घालून ऐकत राहिली. बापाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. सुभेदार वरणभात कालवत बसले. त्यांना स्वतःची इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती.

कारण त्यांना सगळं ठाऊक होतं. फौजेत हाच धडा त्यांनी शेकडो जवानांना फळ्यावर काढून शिकवला होता. नळी लांब असली की दारूचा वायू नळीतच पसरून दमतो, गोळी बाहेर पडेपर्यंत त्याचा जोर ओसरतो आणि आवाज मऊ निघतो. नळी आखूड केली की तोच वायू भरल्या रागात बाहेर पडतो. शिवाय नळीचं तोंडही कानाच्या तेवढं जवळ येतं. क्लबातल्या जुन्या रायफली सव्वीस इंची होत्या. लहान मुलांना त्या पेलवत नाहीत म्हणून चार वर्षांपूर्वी सुभेदारांनीच कमिटीशी भांडून सोळा इंची मागवल्या. रायफली बदलल्या, पण कानांचा नियम तोच राहिला. पहिल्याच आठवड्यात अपूर्वा म्हणाली होती, "बाबा, कान में सीटी बज रही है." त्यावर त्यांनी सांगितलं होतं, "होईल सवय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते रेंजवर गेले ते स्वतःला निर्दोष सोडवायला. पॉइंट टू-टू ती पॉइंट टू-टूच, दहा इंचांनी असा काय फरक पडणार? कपाटातली जुनी सव्वीस इंची काढली, तिच्या शेजारी सोळा इंची ठेवली. दीप्ती म्हणून बारा-तेरा वर्षांची चुणचुणीत मुलगी होती, तिला सांगितलं, "दोनों से पाँच-पाँच. जिस क्रम में चाहो. मुझे मत बताना." बाकीची मुलं मागे रांगेत उभी राहिली. सुभेदार नेहमीसारखे पाठमोरे झाले.

दहा गोळ्या सुटल्या. दहाही वेळा त्यांना एकच आवाज ऐकू आला, दाराची कडी पडावी तसा बारीक, कोरडा. पहिली कुठली, पाचवी कुठली, काही सांगता येईना. त्यांच्या छातीवरचं ओझंच उतरलं. फरकच नाही! म्हणजे दोष नळीचा नाही, आपलाही नाही. पोरीने खरंच इयरफोनने कान घालवला असेल.

ते हसत मागे वळले. रांगेतल्या सहाही मुलांचे डावे खांदे कान वाचवायला सवयीने वर चढलेले होते.

"क्या हुआ? आवाज में कोई फर्क था क्या?"

मुलांना वाटलं, सर गंमत करतायत. सगळी खळखळून हसली.

"बहुत फर्क है सर!" दीप्ती म्हणाली. "छोटी वाली तो कान में लगती है. मेरे तो शाम तक सीटी बजती है."

"मेरे भी सर," मागून दोघं-तिघं म्हणाले.

"तो बताया क्यों नहीं?"

 सरांना असं काही सांगायचं असतं, हेच मुलांना माहीत नव्हतं. फरक ऐकू येत नव्हता तो आपल्याच कानांना, हे सुभेदारांच्या आता ध्यानात आलं. त्यांनी दोन्ही रायफली रिकाम्या केल्या, कपाटाला कुलूप घातलं आणि मुलांना घरी पाठवून दिलं.

अपूर्वा गॅलरीत कपडे वाळत घालत होती. "डॉक्टरांना खोटं का सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"आपकी रेंज बंद हो जाती," ती चिमटा लावत म्हणाली. "आपके पास और है क्या, बाबा?"

सुभेदार म्हणाले, "माझ्यामुळे झालंय, अपू. मला कळत होतं गं. कळत असून केलं मी." मधुमती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. तिने सगळं ऐकलं. 

मग त्यांनी मुलांच्या घरच्या नंबरांचा कागद काढला. एकूण अकरा घरं होती. पहिला नंबर दीप्तीच्या वडिलांचा.

"मैं ढमाळ बोल रहा हूँ. बिटिया के कान की जाँच करा लीजिए, आज ही. मैंने कान ढकने नहीं दिए. गलती मेरी है." एवढं ते एका दमात बोलून गेले आणि थांबले.

फोनमध्ये काही नव्हतं. समोरचा माणूस गप्प होता, की बोलत होता आणि आपल्यालाच ऐकू येत नव्हतं, हे त्यांना कळेना. आवाज वाढवायचं बटण त्यांनी दोनदा दाबलं. मग फोन अपूर्वापुढे धरला.

तिने तो उजव्या कानाला लावला, थोडा वेळ ऐकलं.

"कुछ नहीं बोल रहे," ती म्हणाली. "साँस सुनाई दे रही है. आप बोलिए."