बटणांच्या डब्यातल्या कॅप्सूल

"सूनबाई, सुई ओवून दे गं!" सासूबाईंची सकाळची पहिली हाक. कपडे दुरुस्तीच्या त्या छोट्या दुकानात शिकवण सासूची आणि डोळे सुनेचे. सून नाक ओढत दोरा ओवायची. तीन वर्षं तिचं सायनस भरलेलं, कपाळ ठणकायचं. रफू मात्र अशी, की भोक कुठे होतं ते गिऱ्हाइकालाही सापडू नये.

बटणांच्या डब्यात एक कप्पा कॅप्सूलचा होता. डॉक्टर दहा दिवसांच्या देत. तिसऱ्या दिवशी सासूबाई उरलेल्या काढून घेत. "बरं वाटतंय ना? मग उगाच कशाला पोटात ढकलायच्या? पुढच्या वेळी होतील." पुढच्या वेळी बटणासारखा रंग जुळवून दोन काढायच्या. हिरवी नाकाला, लाल दाढेला. शेजारणी त्यांना 'डॉक्टरीणबाई' म्हणत आणि बाई फुलत.

एके दिवशी सुनेचा डावा डोळा सुजला. सासूबाईंनी दोन हिरव्या दिल्या आणि एक दिवस वाट पाहिली. तोवर डोळा उघडेनासा झाला.

सायनसमधला पू डोळ्यामागे पसरला होता, मेंदूलाही धोका होता. इस्पितळात तो पू तपासायला गेला. अहवालात औषधांची लांबलचक रांग, आणि एक सोडून सगळ्यांपुढे तोच शेरा: लागू पडत नाही.

"गोळ्या पुऱ्या घेत होतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"मीच विसरायचे," सून पट्टीखालून म्हणाली.

सासूबाईंना धरणीने पोटात घ्यावं असं झालं. "खोटं बोलतेय ती. मी काढून घ्यायचे. काही वाया जाऊ देत नाही ना मी!"

डॉक्टर रागावल्या नाहीत. तेच जास्त लागलं. "आजी, वरचेवर अर्धवट मार खाऊन जे जंतू उरतात, ते कोडगे होतात."

त्या एका औषधाने जीव वाचला. डाव्या डोळ्याची नजर गेली ती गेली.

दुकान पुन्हा उघडलं त्याच दिवशी शेजारीण आली. "डॉक्टरीणबाई, धाकटीचं नाक वाहतंय. दोन हिरव्या द्या की."

'संपल्या' हा शब्द अगदी ओठावर होता. सासूबाईंनी सुनेकडे पाहिलं आणि तो गिळला.

"त्या हिरव्यांनी हिचा डोळा गेला. म्हणजे मीच घालवला. लेकीला दवाखान्यात ने. आणि मागे चार दिल्या होत्या, त्या परत आण. बाकीच्यांच्या दारात मीच जाणार आहे मागायला."

"अहो, पण लोक काय काय बोलतील!"

"बोलू देत. ऐकायलाच जातेय."

सून एका डोळ्याने सुईशी झटत होती. तीनदा दोरा चुकला. "आई," ती हळूच म्हणाली, "एवढी ओवून द्या ना."

सासूबाईंनी चष्मा पुसला. पुन्हा पुसला. सुईचं नेढं काही दिसेना.