पडद्यावरची चिता

माझी बायको कोंडी श्रावणात तापाने गेली. सकाळची वेळ होती. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावर जाऊन मी सांगितलं, तर एकही माणूस जागचा हलला नाही. काळ्या भगत नाचणीच्या रोपांच्या जुड्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "मंगळू, तिचे दिवस घातलेत आपण. नऊ वर्षं झाली. मेलेल्याला पुन्हा काय पोचवायचं?"

तो खोटं बोलत नव्हता. दिवस मीच घातले होते.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी पीक बुडालं, म्हणून आम्ही दोघं कल्याणला गेलो. तिथे सर्कशीत काम मिळालं. मी दोऱ्या ओढायचो, कोंडी घोड्यांना पाणी दाखवायची. चाकांचे बूट घालून फळ्यांवर फिरणारी एक मड्डम होती, ती आजारी पडली. तिचे बूट कोंडीने गमतीने पायात चढवले. पहिल्या दिवशी खांब सोडेना. पुढे अशी फिरायला लागली की माणसं तिच्यासाठीच तंबूत येत. पडायचं कसं ते मी तिला शिकवलं, कसरतवाल्यांचं बघून. हनुवटी छातीला लावायची, डावा खांदा आधी टेकवायचा.

मग मुंबईच्या एका सिनेमावाल्याने तिला पाहिलं. सिनेमा तेव्हा मुका होता. त्याने तिचं नाव मिस चंद्रकला ठेवलं. मी नको म्हणालो.

"चार महिन्यांनी येते की," ती म्हणाली. "बैल हरवल्यासारखं तोंड काय करतोस?"

"गेलीस तर माझ्यासाठी मेलीस."

मी एकटाच गावी आलो. तिचे निरोप यायचे. मी उलट निरोप दिला नाही.

तीन वर्षांनी दसऱ्याला जव्हारला सिनेमाचा तंबू लागला. आमचा पाडा दरवर्षी दसऱ्याला जायचाच. आमच्यातल्या कुणी सिनेमा कधी पाहिला नव्हता. पडद्यावर कोंडी चाकांच्या बुटांवर महालात फिरली, तेव्हा आमच्या पोरी ओरडल्या, "आपली कोंडी गं!" मग ती सज्जातून खाली पडली. तिला चितेवर ठेवलं. जाळ झाला. तिची आई हिराबाई माझ्या शेजारी बसली होती. तिने तिथेच ऊर बडवायला सुरुवात केली.

पडताना कोंडीची हनुवटी छातीला होती. डावा खांदा आधी टेकला. मी ते पाहिलं, आणि हे सोंग आहे हे मला तेव्हाच कळलं.

मी बोललो नाही. माझा राग गेला नव्हता. म्हटलं, मेली तर मेली. सगळा पाडा रडत घरी आला आणि बाराव्या दिवशी मी दिवस घातले.

दोन वर्षांनी कोंडी परत आली. गुडघा मोडला होता, सिनेमावाल्यांना ती नको होती. पाड्यावर बायका तिला बघून पळाल्या. ती हसत सुटली. "अगं, तो जाळ गवताचा होता. मी मागे बसून चहा पीत होते!"

भगत हसला नाही. पितरांत बसवलेलं माणूस घरात घेता येत नाही, तो म्हणाला. मग मला विचारलं, "तू खऱ्या मनाने घातलेस ना? मनात खोट असेल तर दिवस लागत नाहीत. पण मग दोष तुझा, पाड्यात तुला जागा नाही."

"खऱ्या मनाने," मी म्हणालो.

मग तिने शेताच्या कडेला खोपी बांधली. माझा राग आता उरला नव्हता, मीही तिथेच राहायला गेलो. मंगळू भुताच्या हातचं खातो, असं लोक म्हणायचे. सात वर्षं तिला कुणी लग्नाला बोलावलं नाही. हिराबाई लांब बांधावर उभी राहून तिला बघायची आणि परत जायची. एकदा भाकरी थापताना कोंडीने विचारलं, "तुला खरंच वाटलं होतं का रे, मी मेले म्हणून?"

"हो."

तिने माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग भाकरी उलटली. पुन्हा कधी विचारलं नाही.

हे सगळं त्या सकाळी भगताच्या अंगणात उभा असताना मला आठवलं. खोपीत ती एकटी होती. मी म्हणालो, "भगत, ते दिवस लागले नाहीत. मला ठाऊक होतं ती जिवंत आहे. तंबूतच कळलं होतं."

भगताने जुडी खाली ठेवली. "शुद्धीवर आहेस ना? काय बोलतोस ते कळतंय?"

"कळतंय."

आसपासची माणसं गोळा झाली. हिराबाई पुढे आली. मला वाटलं मारेल. तिने मारलं नाही.

"बाराव्याला मी तुझ्या दारात डोकं आपटलं होतं," ती म्हणाली. "तू माझा हात धरलास. म्हणालास, आई, रडू नको."

ती भगताकडे वळली. "मग माझी लेक आज मेली. आधी घरात आणा तिला. घरातून जाऊ दे."

चौघांनी कोंडीला खोपीतून उचललं आणि माझ्या जुन्या घरी नेलं. मी खांदा द्यायला पुढे झालो, तर हिराबाईने हाताने मागे सारलं. समोरच्या दाराने तिला आत नेलं. बायका तिच्याभोवती बसल्या आणि रडायला लागल्या. मी अंगणात उभा होतो. मला कुणी आत ये म्हणालं नाही.